आधी नळ द्या, मग खुशाल दंड करा

शहराचा कारभार पाहणारे अधिकारी, आरोग्य निरीक्षक, पाणीपुरवठा खात्यातले अभियंते आणि आमच्या मतांवर निवडून आलेले सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

गेली १९ वर्षं मी रात्रीचं जेवण बाहेर जेवतो. हौस म्हणून नाही. माझी पाळी संध्याकाळी सुटते, राहत्या खोलीत ओटा नाही आणि घरमालकाला शेगडी चालत नाही. त्यामुळे हातगाड्या, टपऱ्या, चार बाकड्यांची हॉटेलं, खानावळी हेच माझं स्वयंपाकघर. माझ्याशेजारी उभे राहून जेवणारे लोकही असेच असतात. इस्पितळात आजारी माणसापाशी बसलेले नातेवाईक, रखवालदार, रिक्षा आणि ट्रक चालवणारे, परगावाहून शिकायला आलेली मुलं, रात्रपाळीला निघालेल्या परिचारिका. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेच्या अंदाजानुसार जगात रोज सुमारे अडीच अब्ज माणसं रस्त्यावरचं काही ना काही खातात. तेव्हा हा विषय चटक आणि चैनीचा आहे असं समजून कृपया बाजूला ठेवू नका. पुष्कळांच्या पोटात दिवसाकाठी जाणारं गरम अन्न एवढंच असतं.

हे पत्र लिहायचं कारण म्हणजे दोन बादल्या.

मी ज्या गाडीवर बहुतेक रात्री जेवतो ती एक मावशी चालवतात. त्यांच्या गाडीच्या मागच्या चाकाशी दोन बादल्या असतात, एक साबणाच्या पाण्याची आणि एक विसळायची. संध्याकाळी साडेसहाला गाडी लागते तेव्हा विसळायच्या बादलीचा तळ स्वच्छ दिसतो. साडेसातला पाणी दुधाळ होतं. साडेआठपर्यंत वर तेलाचा तवंग धरतो आणि कडेला शितं चिकटतात. एका रात्री जेवून झाल्यावर मी तिथेच थांबलो आणि मोजलं. त्या एका बादलीतल्या पाण्यातून ६३ ताटल्या निघाल्या. मी मोजतोय हे मावशींच्या लक्षात आलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "मला काय दिसत नाही होय? पण हे ओतून दिलं तर दुसरं आणू कुठनं?"

मग त्यांनी हिशेब सांगितला. वीस लिटरचे चार कॅन त्या ओळखीच्या एका घरच्या नळावरून भरतात आणि मुलगा ते सायकलला बांधून आणतो. म्हणजे ८० लिटर. त्यातलं २५ स्वयंपाकाला, २० प्यायला. उरलं ३५ लिटर. रात्रीची गिऱ्हाइकं धरा सव्वाशे. एकामागे साधारण दीड पेला पाणी येतं. त्यात ताटली धुवायची, चमचा धुवायचा, पातेली घासायची आणि पैसे घेतलेला हात पुन्हा अन्नाला लावण्याआधी धुवायचा. घरी आपण नुसते हात धुताना याहून जास्त पाणी सोडतो.

मावशी अस्वच्छ नाहीत. त्यांचा स्वयंपाक माझ्यासमोर होतो, नखं कापलेली असतात, केस बांधलेले असतात, भाजी निवडून आणलेली असते. त्यांच्याकडे पाणी नाही. या दोन गोष्टींतला फरक तुमच्या तपासणीच्या कागदावर कुठेच दिसत नाही, आणि मला सगळ्यात जास्त त्रास होतो तो याचाच.

जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये सुरक्षित अन्नाची पाच सूत्रं मांडली. स्वच्छता ठेवा, कच्चं आणि शिजवलेलं वेगळं ठेवा, नीट शिजवा, अन्न योग्य तापमानात ठेवा, पाणी आणि कच्चा माल सुरक्षित वापरा. ती जगभरच्या स्वयंपाकघरांत भित्तिपत्रकांवर लागली आहेत, कदाचित तुमच्या कचेरीतही असतील. ही पाच सूत्रं हातात घेऊन एखाद्या संध्याकाळी गाडीसमोर उभे राहा. नीट शिजवण्याच्या बाबतीत रस्ता बहुतेक वेळा उत्तीर्ण होतो. उकळत्या तेलातून निघालेलं, खदखदणाऱ्या पातेल्यातून वाढलेलं, तव्यावरून थेट ताटलीत पडलेलं अन्न ७० अंशांच्या वर गेलेलं असतं आणि एवढ्या उष्णतेत रोग पसरवणारे बहुतेक जंतू मरतात. गाडीवर गर्दी असेल तर ते अन्न थांबूनही राहत नाही. घोळ होतो तो विस्तव सोडल्यानंतर. ताटली ओली असते आणि ते पाणी त्या बादलीतलं असतं. वरून घातलेला कच्चा पाला त्याच पाण्यात धुतलेला असतो. वाढणारा हात नोटांना लागून आलेला असतो. सरबतातला बर्फ कुठल्या पाण्याचा, कुणालाच ठाऊक नसतं. म्हणजे चुलीवर जे साधलं ते पाण्याअभावी दोन हातांच्या अंतरावर वाया जातं.

यावर हातशुद्धीचा द्रव ठेवा असं एका शिबिरात सांगितलं गेल्याचं मी ऐकलं. तेलकट, खरकट्या हातावर तो नीट काम करत नाही. शिवाय उलट्या-जुलाबांच्या साथी घडवणारा नोरोव्हायरस अल्कोहोलला फारशी दाद देत नाही. त्याला साबण आणि वाहतं पाणीच लागतं. बादलीतल्या थांबलेल्या पाण्यात हात बुडवला की तो धुतला जात नाही, त्यावरचं सगळं पुढच्या ताटलीसाठी बादलीत जमा होतं.

पाण्याचा आणि बाहेरच्या जेवणाचा संबंध काही आज लागलेला शोध नाही. १८५४ मध्ये लंडनच्या सोहो भागात कॉलऱ्याची साथ आली. ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका सार्वजनिक पंपाचं पाणी या साथीच्या मुळाशी आहे, हे डॉ. जॉन स्नो यांनी घरोघर फिरून, मृत्यूंची नोंद करून दाखवून दिलं. त्यांच्या लिखाणातली एक नोंद मला विसरता येत नाही. त्या भागात कारागिरांची वर्दळ असलेलं एक छोटं कॉफीगृह होतं. तिथे दुपारच्या जेवणाबरोबर त्याच पंपाचं पाणी देत. ते चालवणाऱ्या बाईने ६ सप्टेंबरला स्नोंना सांगितलं, माझी नऊ गिऱ्हाइकं गेल्याचं मला आत्ताच माहीत आहे. त्या बाईने काय चूक केली होती? शहराने दिलेलं पाणी तिने पेल्यात ओतलं. दोन दिवसांनी पंपाचा दांडा काढला गेला. कॉफीगृहाची भांडी कुणी जप्त केली नाहीत. दुखणं पाण्यात आहे हे कळल्यावर हात पाण्यालाच घातला गेला. पावणेदोनशे वर्षं होत आली, आणि आपल्याकडे अजून गाडी उचलली जाते.

ती उचलताना मी पाहिली आहे, म्हणून लिहितो. शहर मुद्दाम सांगत नाही, कुणाचं नावही घेणार नाही, कारण मला कुणा एका कर्मचाऱ्यावर राग काढायचा नाही. रात्रीचे आठ वाजले असतील. गल्लीच्या तोंडाशी कुणीतरी शीळ घातली आणि एका क्षणात नऊ गाड्या हलल्या. जळत्या शेगडीसकट हलल्या. उकळत्या तेलाची कढई दोन्ही हातांनी कापडात धरून एक पोरगा पळत होता, वय असेल पंधरा-सोळा. मावशींना पळता आलं नाही. माणसांनी गाडी धरली आणि ट्रकमध्ये चढवली. पातेलं कलंडलं, काचेची पेटी फुटली, बादल्याही गेल्या. माझी अर्धी ताटली माझ्या हातात होती. ती कुणाला परत द्यायची हे मला सुचेना, मी ती धुऊन खोलीवर घेऊन गेलो. आजही ती माझ्याकडे आहे.

नवव्या दिवशी मावशी परत आल्या. नव्या गाडीला काचेची पेटी नव्हती. जुन्या गाडीला झाकणाची एक टाकी होती, तिला खाली तोटी होती, ती गेली. पत्रा पातळ, चाकं मोठी. विचारलं तर म्हणाल्या, "आता हलकीच बरी. काच पुन्हा फुटणार आणि पाण्याची टाकी घेऊन पळता येत नाही."

या वाक्याशी थोडं थांबा, ही माझी विनंती आहे. ज्याला कुठल्याही क्षणी पळावं लागेल तो माणूस जड, झाकलेली, टिकाऊ, धुता येईल अशी एकही वस्तू विकत घेत नाही. काचेची पेटी, तोटीची टाकी, दोन वेगळ्या पाट्या, झाकणाची कचराकुंडी हे सगळं वजन आहे, आणि पळणाऱ्याला वजन परवडत नाही. दर कारवाईनंतर गाडी आधीच्यापेक्षा उघडी होऊन परत येते. स्वच्छतेसाठी म्हणून केलेल्या कारवाईतून अशी अस्वच्छता तयार होत राहते. मी हे एकाच गाडीच्या बाबतीत तीनदा पाहिलं आहे.

परवाने मोजकेच ठेवून प्रश्न सुटेल असंही काहींना वाटतं. न्यूयॉर्कने १९८३ मध्ये खाद्यगाड्यांच्या परवान्यांवर कमाल मर्यादा घातली. गाड्या कमी झाल्या नाहीत. परवाने धरून बसलेले लोक ते चोरवाटेने भाड्याने देऊ लागले आणि उन्हातान्हात उभा राहणारा माणूस कमाईचा मोठा वाटा त्या भाड्यात घालू लागला. अखेर २०२१ मध्ये त्या शहराला कायदा बदलून दरवर्षी नवे परवाने देत जायचं ठरवावं लागलं. ज्याची कमाई भाड्यात जाते तो तेल बदलत नाही, हे सांगायला तज्ज्ञ नको. पुन्हा पुन्हा तापवलेलं तेल काळपट होतं, दाट होतं, फेसाळतं, धूर लवकर सोडतं. त्यात साचणाऱ्या घटकांचं प्रमाण साधारण पाव हिश्श्याच्या पलीकडे गेलं की ते तेल टाकून द्यावं असे नियम अनेक देशांत आहेत. नियम चांगला आहे. पण तो पाळायला हातात चार पैसे उरावे लागतात.

आणखी एक जुनी हकिगत सांगतो, कारण ती तुमच्या खात्यासारख्याच एका खात्याची आहे. मेरी मॅलन नावाची आयर्लंडहून अमेरिकेत आलेली स्वयंपाकीण होती. तिच्या शरीरात टायफॉईडचे जंतू होते आणि तिला स्वतःला काहीच होत नव्हतं. १९०७ मध्ये न्यूयॉर्कच्या आरोग्य खात्याने तिला पकडून एका बेटावर एकांतवासात ठेवलं. १९१० मध्ये, पुन्हा स्वयंपाक करणार नाही, असं लिहून घेऊन सोडलं. तिला धुणं धुण्याचं काम मिळालं, त्यात पैसे कमी. काही वर्षांनी ती नाव बदलून परत स्वयंपाकाला लागली आणि १९१५ मध्ये एका प्रसूतिगृहात साथ पसरली. तिला पुन्हा नेलं आणि १९३८ मध्ये मरेपर्यंत ती त्या बेटावरच राहिली. लोक आजही तिचं नाव शिवीसारखं वापरतात. तिची चूक मोठी होती, माणसं मेली. पण जिला आयुष्यभर एकच काम येतं तिला ते करू नको असं सांगून दारातून बाहेर काढलं, तर ती उद्या काय खाणार याचा विचार खात्याने केला नव्हता. तो विचार करणं हा साथ रोखण्याचाच भाग होता.

आता बाकड्यांच्या हॉटेलांविषयी. मी काही हातगाडीचा वकील नाही, आणि भिंती आल्या म्हणजे स्वच्छता आली असंही मी मानत नाही. आयुष्यात मी सगळ्यात जास्त आजारी पडलो तो काचेचं दार असलेल्या, थंड हवेच्या एका हॉटेलात जेवून. चार दिवस अंथरुणात होतो. त्या दिवशी दुसरीकडे काहीच खाल्लं नव्हतं. भात कोमट होता आणि बाजूने थोडा वाळलेला, हे खाताना जाणवलं होतं, पण लाजेने बोललो नाही. नंतर एका डॉक्टरांनी समजावून सांगितलं. भातात असणाऱ्या एका जिवाणूचे बीजाणू उकळूनही मरत नाहीत. शिजवलेला भात तासन्‌तास कोमट राहिला की ते जागे होतात, वाढतात आणि विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. म्हणून शिजवलेलं अन्न एक तर ६० अंशांच्या वर गरम ठेवावं किंवा ५ अंशांच्या खाली थंड, आणि बाहेर दोन तासांहून जास्त राहू देऊ नये. दुपारचा भात रात्री वाढणाऱ्या हॉटेलाला हे कुणी कधी सांगितलं होतं का?

त्या हॉटेलात गिऱ्हाइकांना हात धुवायला आरसे लावलेली तीन बेसिनं होती. बरा झाल्यावर तक्रार करायला गेलो तेव्हा भटारखान्याचं दार उघडं होतं. आत नळ एकच. त्याखाली भाजी, त्याखाली मांस, त्याखाली भांडी, आणि कामगारांचे हातही तिथेच. हात पुसायला एकच फडकं, आणि ओटाही त्याच फडक्याने पुसायचा. मालक वाईट वागले नाहीत, पैसे परत द्यायला निघाले होते. मी घेतले नाहीत. मला एवढंच विचारायचं होतं की इथे परवाना देताना आत येऊन हातांसाठी वेगळा नळ आहे का हे कुणी पाहिलं? त्यांना प्रश्नच कळला नाही, कारण तो त्यांना आधी कुणी विचारलाच नव्हता.

तेव्हा माझं मागणं दोघांसाठी एकच आहे. जिथे शिजतं तिथे हातासाठी वाहतं पाणी असलंच पाहिजे. हॉटेलाला ते स्वतः करता येतं, त्याच्याकडे जोडणी आहे, म्हणून त्याला सक्ती करा. गाडीला ते स्वतः करता येत नाही. पाण्याची जोडणी पत्त्यावर मिळते आणि गाडीला पत्ता नसतो. म्हणून गाडीला आधी जागा लागते. खडूने ओढलेली, तुमच्या शिक्क्याने लिहून दिलेली, उद्याही तीच राहील अशी जागा.

हे कुठेच घडलेलं नाही असं नाही. सिंगापूरने १९६० च्या दशकाच्या अखेरीस रस्त्यावरच्या विक्रेत्यांची नोंदणी केली आणि १९७१ ते १९८६ या काळात त्यांना टप्प्याटप्प्याने पाणी, वीज, निचरा असलेल्या केंद्रांत जागा दिली. २०२० मध्ये तिथल्या या खाद्यसंस्कृतीची नोंद युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत केली. मला त्या उदाहरणातलं सगळंच पटत नाही. सगळ्या गाड्या छपराखाली नेल्या की इस्पितळाच्या दाराशी रात्री अकराला कुणी उभं राहत नाही, आणि भूक काही केंद्रापर्यंत चालत जात नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बन शहराने वॉर्विक जंक्शन या गजबजलेल्या भागात १९९० च्या दशकात केलेलं काम मला जास्त जवळचं वाटतं. उघड्यावर मांस शिजवणाऱ्या बायकांना तिथून हुसकावून न लावता, त्यांच्या कामाला लागणारं पाणी आणि निचरा लक्षात घेऊन शहराने तिथेच जागा बांधून दिली. आधी त्या बायकांशी बोलणं झालं आणि मग आराखडा झाला, क्रम असा होता.

पाणीपुरवठा खात्यातल्या अभियंत्यांना मी हात जोडून सांगतो, की मागणी फार मोठी नाही. सहा-आठ गाड्यांमध्ये एक खांब, त्याला दोन तोट्या, खाली ओटा आणि पायाने दाबून सुरू होणारी कळ, म्हणजे खरकटा हात तोटीला लागणार नाही. मीटर लावा, बिल गाड्यांवर वाटून द्या. मी विचारलेल्या एकाही गाडीवाल्याने बिल भरायला नकार दिलेला नाही, कारण आजही कॅनमागे ते पैसे मोजतातच. सांडपाण्याच्या तोंडाशी तेल अडवणारी कुंडी घाला, नाहीतर महिनाभरात गटार तुंबेल आणि दोष पुन्हा गाडीवर येईल. आठवड्यातून एकदा तोटीच्या पाण्यात क्लोरीन उरतं आहे का तेवढं पाहा. लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम तरी असावं असं आरोग्य संघटना सांगते, आणि ते तपासायला एक छोटी नळी आणि दोन थेंब औषध पुरतं.

एक गोष्ट लिहायला अवघड वाटते, पण लिहितोच. मावशी संध्याकाळी पाचनंतर पाणी पीत नाहीत. रात्री साडेअकरापर्यंत, शेगडीच्या धगीत, सहा-साडेसहा तास. जवळपास बायकांना जाता येईल असं शौचालय नाही आणि जे आहे ते आठला बंद होतं. पुरुष भिंतीचा आडोसा गाठतात आणि तसेच परत येऊन पीठ मळतात. अन्नाची तपासणी करणाऱ्या माणसाने आधी हे विचारायला हवं, की काम करणारा माणूस कुठे जातो आणि परत आल्यावर हात कुठे धुतो. जगातल्या कुठल्याही रस्त्यावरच्या जेवणाची सुरक्षितता या एका प्रश्नाशी येऊन ठेपते, असं माझं ठाम मत झालं आहे.

पदपथावरून चालणाऱ्यांची तक्रार मला मान्य आहे. चाकाची खुर्ची, बाळगाडी, काठी घेतलेलं माणूस जाईल एवढी मोकळी वाट राहिलीच पाहिजे आणि जी गाडी ती रेघ ओलांडेल तिला दंड झालाच पाहिजे. भाडं आणि कर भरणाऱ्या हॉटेलवाल्यांची तक्रारही खोटी नाही. गाडीलाही शुल्क लावा, पावती द्या. पावती हातात असलेला माणूस पळत नाही.

आणि हो, दंड करा. नळ दिल्यानंतर जो बादलीत ताटल्या बुचकळेल त्याला दंड करा, हात न धुता वाढणाऱ्याला दंड करा, काळं तेल वापरणाऱ्याचं तेल ओतून द्या. तपासणीचा निकाल दारावर लावा. लॉस एंजेलिस परगण्याने १९९८ पासून आणि न्यूयॉर्क शहराने २०१० पासून हॉटेलांच्या दर्शनी भागात स्वच्छतेची श्रेणी अक्षरात लावायला लावली. जेवायला जाणाऱ्याला आत शिरण्याआधी ती दिसते. आपल्याकडेही दिसू द्या, काचेच्या दारावर आणि गाडीच्या पत्र्यावर, सारख्याच आकाराच्या अक्षरात. मी रोज बाहेर जेवणारा माणूस आहे, सैल तपासणीने सगळ्यात आधी मीच आजारी पडेन. अन्नातून होणाऱ्या आजारांनी दरवर्षी ६० कोटी लोक आजारी पडतात आणि ४ लाख २० हजार मरतात, त्यांत सव्वा लाख पाच वर्षांखालची मुलं असतात, असा अंदाज जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये दिला. घरच्या, हॉटेलातल्या, रस्त्यावरच्या सगळ्या अन्नाचा मिळून तो आकडा आहे. यात ढिलाई नको, अशीच माझी विनंती आहे. पण तपासायला येणाऱ्या माणसाच्या हातात जप्तीच्या दोरखंडाऐवजी तापमापी असू द्या. अन्न किती गरम आहे ते त्याने मोजावं, गाडीवाल्याला दाखवावं, पुढच्या आठवड्यात पुन्हा यावं. मावशींना आकडे कळतात. ८० लिटरचा हिशेब त्यांनी मला तोंडी करून दाखवला होता.

सगळ्या शहरात एकदम करा असं मी म्हणत नाही. एका रस्त्यापासून सुरुवात करा. तो रस्ताही मी सांगू शकतो. मावशींची गाडी लागते तिथे, पदपथालगत, लोखंडाचं एक गोल झाकण आहे. त्याच्यावर तुमच्या पाणी खात्याची खूण कोरलेली आहे. खालून मोठी जलवाहिनी जाते. रात्री वर्दळ ओसरली की त्या जागी कान दिला तर पाण्याचा आवाज येतो. विसळायची बादली मावशी रोज त्याच झाकणावर ठेवतात, कारण तेवढीच जागा सपाट आहे.

येत्या गुरुवारी रात्री नऊ वाजता मी तिथेच असेन. अभियंता आणि आरोग्य निरीक्षक, दोघांनीही यावं. जेवून घ्या, गाडी पाहा, बादली पाहा, मावशींशी बोला. झाकण उघडायची चावी मात्र आठवणीने आणा, ती आमच्यापैकी कुणाकडे नाही.

आपला,
रोज रात्री रस्त्यावर जेवणारा एक नागरिक